तुम्ही विचारलंत म्हणून: बनियन एकच, मग कोड सहा कशाला?

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतले आरोग्यविम्याचे क्लेम कोड करणारे, त्यातही ऑर्थो-पोडायट्रीच्या (हाडं आणि पावलांच्या उपचारांच्या) चार्टवर नव्याने आलेले, हे हमखास विचारतात. बनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी येणारा उंचवटा. त्याच्या ऑपरेशनला २८२९२ आणि पुढे २८२९५ ते २८२९९ असे सहा सीपीटी कोड (अमेरिकेतले उपचारांचे कोड) आहेत. सर्जनच्या ऑपरेशन नोटमध्ये ‘ऑस्टिन-अकिन’ असं पद्धतीचं नाव लिहिलंय, मग यातला कुठला लावायचा?

नावावर जाऊ नका. करवत कुठल्या हाडावर, त्या हाडाच्या कुठल्या टोकाला आणि किती वेळा चालली, ते शोधा.

अंगठ्याच्या बुडाशी आलेला उंचवटा बघून हाड वाढलंय असं वाटतं. खरं तर अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकलेलं असतं आणि अंगठा उलट बाकीच्या बोटांवर कललेला असतो. हात वाकवल्यावर कोपर जसं पुढे येतं, तसं त्या सांध्याचं टोक बाहेर येतं. म्हणूनच नुसता उंचवटा तासला तर तो पुन्हा दिसायला लागण्याची भीती राहते. रुंद पंजाचे बूट, बोटांमधले स्पेसर, इनसोल यांनी दुखणं कमी होतं, हाड जागेवर येत नाही. तरीही नोटमध्ये हे उपाय करून पाहिल्याचं लिहिलेलं असावं, कारण पेयर, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपन्या, ते मागतात.

उभ्याने, पायावर भार टाकून काढलेल्या एक्स-रेत पहिल्या दोन मेटाटार्सलमधला कोन साधारण ९ अंशांच्या आत असतो आणि अंगठ्याचा कल १५ अंशांच्या आत. कोन थोडाच वाढला असेल तर सर्जन मेटाटार्सलच्या बोटाकडच्या टोकाला कापतो: २८२९६. बराच वाढला असेल तर घोट्याकडच्या टोकाला कापतो, २८२९५. नाहीतर मागचा सांधाच जोडून टाकतो, ज्याला लॅपिडस म्हणतात: २८२९७. फक्त अंगठ्याच्या पहिल्या पेऱ्यातून पाचर काढली तर २८२९८. हाड आडवं कापून सरळ केलंच नाही, नुसता उंचवटा तासला किंवा पेऱ्याचं बूड काढून टाकलं, तर २८२९२.

आता ती ऑस्टिन-अकिनची नोट ओळीओळीने वाचू. कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण, उघडलं. अंगठ्याला आत ओढणारा अ‍ॅडक्टर टेंडन (स्नायूचा दोर) सोडवला. सॅजिटल सॉने (हाड कापायच्या करवतीने) मेडियल एमिनन्स, म्हणजे तोच उंचवटा, काढला. मेटाटार्सलच्या डोक्यात ६० अंशांचा ‘व्ही’ छेद घेऊन डोकं दुसऱ्या बोटाकडे सरकवलं आणि स्क्रू बसवला: इथे पहिला छेद झाला. पुढे पेऱ्यातून पाचर काढून स्टेपल मारला: हा दुसरा. दोन छेद, म्हणून २८२९९, एकदाच. २८२९६ आणि २८२९८ जोडीने लावले की अनबंडलिंग झालं, म्हणजे एका कोडचं काम तोडून दोनदा बिल केलं. कॅप्सूल, टेंडन, उंचवटा, स्क्रू, स्टेपल हे सगळं त्या एका कोडच्या पोटात येतं. सर्जनने स्वतः दिलेल्या भुलीच्या ब्लॉकचे पैसेही मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा) वेगळे देत नाही.

सध्या सगळ्यात जास्त घोळ होतो तो २०२४ च्या बदलामुळे. आधी या कोडांच्या वर्णनात ‘बनियनेक्टॉमी’ (उंचवटा काढणं) हा शब्द कंसात होता; आता ‘विथ बनियनेक्टॉमी’ आहे. म्हणजे उंचवटा काढल्याचं नोटमध्ये दिसलंच पाहिजे. लॅपिडस केलं पण एमिनन्सला हातच लावला नाही, तर २८२९७ बसत नाही. सांधा जोडल्याचा २८७४० लागतो. तसाच उंचवटा न काढता नुसता पहिल्या मेटाटार्सलचा छेद असेल तर २८३०६. अगदी लहान छिद्रातून केलेल्या ऑपरेशनच्या नोटमध्ये उंचवटा काढल्याचं वाक्य बऱ्याचदा गायब असतं. शीर्षकात ‘बनियनेक्टॉमी’ आहे म्हणून ते गृहीत धरू नका, सर्जनला क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा.

निदानाच्या कोडकडे लोक फार हलकं बघतात. अंगठा कलला असेल तर एम२०.११ उजवा, एम२०.१२ डावा. नुसतं ‘बनियन’ लिहिलं असेल तर १ ऑक्टोबर २०१६ पासून त्याला वेगळं घर आहे: एम२१.६११ उजवा, एम२१.६१२ डावा. नोटमध्ये पाय स्पष्ट असताना एम२०.१० (कुठला पाय ते न सांगणारा कोड) टाकणं म्हणजे डिनायलला, क्लेम नाकारला जाण्याला, आमंत्रण. मॉडिफायरमध्ये, म्हणजे कोडला जोडायच्या खुणेत, डावा अंगठा टीए आणि उजवा टी५. काही पेयर एलटी-आरटीच (डावा-उजवा) मागतात, ते आधी बघून घ्या. त्याच बैठकीत उजव्या पायाचं दुसरं बोट हॅमर टो (हातोडीसारखं वाकलेलं बोट) म्हणून सरळ केलं असेल, तर २८२८५ ला टी६ आणि निदान एम२०.४१. तिथे अंगठ्याचं निदान जोडलं की क्लेम परत आलाच समजा.

करंगळीकडच्या उंचवट्याला बनियनेट म्हणतात. पाचव्या मेटाटार्सलचं डोकं तासलं तर २८११०. छेद घेऊन सरकवलं तर २८३०८. अंगठा कललेला नाही पण सांधा आखडलाय आणि वरच्या बाजूचं हाड काढलंय, तर ते हॅलक्स रिजिडस: इम्प्लांटशिवाय २८२८९, इम्प्लांट घातलं तर २८२९१. हा २८२९१ आकड्याने बनियनच्या कोडांच्या अगदी आधी, २८२९२ ला चिकटून बसलाय, आणि घाईत चुकून तोच उचलला जातो.