पाणपोईत खुर्च्या तिरक्या मांडा की

चैत्र लागला की सोलापुरात चौकाचौकात पाणपोया उभ्या राहतात, बांबू, हिरवी शेडनेट, ओलं पोतं गुंडाळलेले रांजण आणि वर मोठा बॅनर. लोक येतात, उभ्याउभ्या पाणी पितात आणि निघतात. तहान भागते, चांगलंच आहे, पण इतकी छान सावली असताना माणसं दोन शब्द बोलत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या पूर्व भागातल्या पाणपोईत थोड्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, कोण कसं बसतं हे मी बघत असतो. रस्त्याकडं तोंड करून ओळीनं मांडल्या की माणूस बसल्याबसल्या मोबाईल काढतो. अगदी समोरासमोर मांडल्या तर अनोळखी माणसाच्या तोंडाकडं किती वेळ बघणार, अवघडल्यासारखं होतं. पण काटकोनात दोन खुर्च्या, मध्ये स्टूल आणि स्टुलावर तांब्या ठेवला की जमतं, कारण बोलायचं नसेल तर समोर बघायचं आणि बोलायचं असेल तर नुसती मान वळवायची.

हे लई आधी कुणीतरी तपासून पण बघितलंय. 1950 च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये रॉबर्ट सॉमर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, तिथल्या हॉस्पिटलच्या एका वॉर्डात म्हाताऱ्या बायका भिंतीला लागून ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांवर दिवसदिवस गप्प बसायच्या. मग छोटी टेबलं आणून त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या आणि काही आठवड्यांत त्यांचं आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. बायका त्याच, वॉर्ड तोच! आणि आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम असो, सगळ्या खुर्च्या स्टेजकडं.

दुसरं म्हणजे हाताला काम पाहिजे. आमच्या इथं शेजारच्या मावशी दुपारी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला सावलीला येतात, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, हात थांबत नाहीत आणि तोंड पण. आपसात तेलुगू, पण एका रिक्षावाल्या भाऊंनी सहज विचारलं, "मावशी, दिवसाला किती बिड्या होतात ओ?" तर मावशी म्हणाल्या, "बसा की, सांगते," आणि मग मजुरी, पोरीचं कॉलेज, गुडघेदुखी असं करत मराठी, तेलुगू आणि दखनीची अशी काही सरमिसळ सुरू झाली की पाणी प्यायला आलेले अजून दोघं तिथंच टेकले.

स्पीकर मात्र नको, एक गाणं लागलं की सगळं संपतं. आणि चारनंतर ऊन पश्चिमेकडनं तिरकं आत येतं, पारा चाळीसच्या वर असताना तिथं कोण बसेल, म्हणून त्या बाजूला नेट पार खालपर्यंत सोडायची. असला मांडव पावसाळ्याच्या आधी निघतोच, त्यामुळं दरवर्षी मांडणी बदलून बघता येते, पक्कं बांधकाम केलं की ती सोय जाते. यंदा मी रांजणाजवळ एक सतरंजी टाकायला सांगितलंय, लहान पोरं खेळायला लागली की त्यांच्या आया पण थांबतील.