सत्तरीच्या वाटेवर हायस्कुलांची सालं वाचत

गोव्यातल्या बहुतेक हायस्कुलांच्या कमानीवर 'स्थापना' म्हणून एक साल रंगवलेलं असतं. पणजी, फोंडा, उसगाव, वाळपई, साखळी आणि शेवटी केरी अशी वाट धरली आणि ही सालं टिपत गेलं की फरक डोळ्यांत भरतो. फोंड्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली सालं भेटतात. उसगाव मागे पडून सत्तरी तालुका लागला की ती बहुतेक १९६१ च्या गोवामुक्तीनंतरची. मधलं अर्धं शतक कुठे गेलं, याचं उत्तर कमानीवर मिळत नाही. कागदात मिळतं, थोडं भिंतीत मिळतं. या वाटेवर कुठे काय पाहायचं, ते लिहितो आहोत.

सुरुवात गावातून करू नये, पणजीतून करावी. पाटो भागात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची मुळं १८३२ सालातली. तिथे जुनी वृत्तपत्रं आणि 'बोलेतीं ओफिसियाल' म्हणजे पोर्तुगीज सरकारचं राजपत्र पाहता येतं. १८३७ पासून हे राजपत्र निघत होतं. मुक्तीपूर्वी एखादी शिक्षणसंस्था उभी राहिली, तर तिच्या घटनेला सरकारी मंजुरी लागे आणि ती मंजुरी इथे छापून येई. मजकूर पोर्तुगीजमध्ये आहे, पण त्यासाठी पोर्तुगीज पंडित असण्याची गरज नाही. गावाचं जुनं स्पेलिंग आणि 'एस्कोला' (शाळा), 'एस्तातुतुश' (संस्थेची घटना) हे दोन शब्द ओळखता आले की पान सापडतं. घोटाळा होतो तो स्पेलिंगमुळेच. साखळी तिथे 'सांकेलिम' आहे, डिचोली 'बिशोलिम' आहे आणि छोट्या वाड्यांची नावं दर वेळी वेगळी लिहिलेली. मुक्तीनंतरच्या संस्थांसाठी हे राजपत्र चाळण्यात दिवस घालवू नये. त्यांची नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली झालेली असते आणि नोंदणीपत्राची प्रत संस्थेच्या कपाटात असते.

पणजीतच मुष्टिफंड संस्था आहे, १९०८ ची. घरोघरी मूठमूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यावर शाळा चालवायची, हा तिचा मूळ हिशेब. ती शहरातली असली तरी पुढे गावागावांनी जे केलं त्याचा साचा इथे दिसतो. सरकार आधी नाही, वर्गणी आधी. सत्तरीतल्या शाळांच्या जुन्या जमाखर्चात तांदळाच्या जागी नारळ, सुपारी, जत्रेतल्या नाटकाची तिकिटं आणि श्रमदानाचे दिवस दिसतात, एवढाच बदल.

पणजीहून फोंडा तीसेक किलोमीटर. बसेस भरपूर, थांबावं लागत नाही. फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव खाऊन मग आल्मैदा हायस्कुलाकडे जावं. गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चं. हिंदूबहुल भागात मराठी मंडळींनी चालवलेल्या शाळेला आंतोनियु जुझे द आल्मैदा हे पोर्तुगीज नाव कसं, असं नव्या माणसाला वाटतं. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. आल्मैदा हे त्या हंगामी सरकारातले अंतर्गत व्यवहारमंत्री, पुढे १९१९ ते १९२३ राष्ट्राध्यक्ष. प्रजासत्ताकाने धर्मावरून होणारा भेदभाव मोडला आणि गोव्यातल्या हिंदूंना संस्था काढायला, नोकऱ्यांत शिरायला मोकळीक मिळाली. मडगावचं गोमंत विद्या निकेतन १९१२ चं, तेही याच लाटेतलं. म्हणून १९११-१२ ही सालं गोव्यात इतकी दाट आहेत. त्यात योगायोग काही नाही.

मग हीच लाट सत्तरीत का पोचली नाही? आमच्या मते कारण पैशाचं आणि जागेचं आहे, उत्साहाचं नाही. फोंडा महालात कवळे, मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी अशी मोठी देवस्थानं. त्यांच्याभोवती महाजन म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत मानकरी, व्यापारी, आणि वर्ग भरवायला तयार अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्या. सत्तरीत जंगल, विखुरलेले वाडे आणि राणे घराण्यांच्या मोकाशाखालची, म्हणजे वतनाची जमीन. तिथे मराठी अक्षर शिकवायला शेणै मामा म्हणजे खाजगी पंतोजी येत, एखाद्याच्या पडवीत किंवा देवळाच्या चौकात धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवून घेत. बाराखडी, पाढे, थोडी मोडी, की झालं. सरकारी शाळा असली तर 'प्रिमेर ग्राव', फार तर 'सेगुंद ग्राव', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिकचे पहिला-दुसरा टप्पा. पुढे लिसेंव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा पणजीला, म्हणजे शहरात कुणाच्या तरी घरी राहण्याची सोय हवी. इंग्रजी हायस्कुलं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची तयारी करून घेत, पण तीही शहरात नाहीतर बार्देशात. सत्तरीच्या पोराचं शिक्षण चौथीच्या आसपास संपायचं ते यामुळे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. सत्तरीतल्या हायस्कुलांचा इतिहास इथून सुरू होतो. चौथी पास झालेल्या पोरांचा लोंढा तयार झाला, पण पुढचा वर्ग जवळपास नव्हता. काही ठिकाणी सरकारने हायस्कूल काढलं, पण गोव्यात माध्यमिक शाळा बहुसंख्येने खाजगी अनुदानित आहेत, आणि त्यामागे एखादी गावची संस्था असते.

वाळपईच्या पुढे कुठल्याही शाळेत शिरलात तर आधी इमारतीला एक फेरी मारा. ती एका दमात बांधलेली नसते. सर्वांत जुना भाग चिऱ्यांचा, उंच जोत्याचा, वर मंगळुरी कौलं. त्याला लागून पत्र्याची किंवा सिमेंटच्या पत्र्याची ओळ, आणि मागे स्लॅबची दुमजली इमारत. ही ओळ म्हणजे वर्ग कसे वाढले त्याचा आराखडाच. इथे एक फसवणूक असते. कौल उलटं केलं की त्यावर '१८६५' छापलेलं सापडतं आणि कुणीतरी उत्साहाने सांगतो की शाळा तेवढी जुनी. ते साल मंगळूरच्या बासेल मिशन कारखान्याचं आहे, कौलाचं नव्हे, शाळेचं तर नव्हेच. शिवाय जुनं घर मोडलं की कौलं शाळेला देण्याची पद्धत होती. त्यामुळे कौलांवरून वय ठरवू नये. चिऱ्याच्या भिंतीत दरवाजा बुजवल्याची उभी रेघ दिसते का, ती पाहा. आधी ते घर होतं की आधीपासून वर्ग, हे त्यावरून कळतं.

जमीन कुणाची, हा पुढचा प्रश्न आणि तो टाळून चालत नाही. सर्व्हे नंबर घेऊन एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा, काढावा. कब्जेदाराच्या रकान्यात कोमुनिदाद (गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), देवस्थान, सरकार किंवा खाजगी नाव, यांपैकी काहीतरी असतं. कोमुनिदादीची जमीन असेल तर १९६१ चा कोमुनिदाद कोड लागू, देवस्थानची असेल तर १९३३ चं महाजनांचं रेगुलामेंत म्हणजे नियमावली. देणगीदाराने तोंडी 'घ्या, बांधा' म्हटलं आणि कागद केलाच नाही, असं पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे. अडचण येते ती दोन पिढ्यांनंतर, नवा मजला चढवताना. जमिनीची मालकी स्पष्ट नसेल तर बांधकाम परवाना अडतो, आणि परवाना नाही म्हणून निधीही अडतो. मैदान नसलेली इतकी हायस्कुलं का दिसतात याचं एक उत्तर या उताऱ्यात असतं.

आता सालाकडे. एका शाळेची किमान चार सालं असतात: संस्था नोंदवली ते, पहिला वर्ग भरला ते, शिक्षण खात्याची मान्यता मिळाली ते आणि पहिली तुकडी मॅट्रिकला बसली ते. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत यांतलं सर्वांत जुनं निवडतात, हे उघड आहे. पडताळा घ्यायला सोपा हिशेब आहे. शाळा आठवीपासून दर वर्षी एक वर्ग वाढवत गेली असेल, तर जुन्या पद्धतीत अकरावीला मॅट्रिक. जून १९६५ ला आठवी सुरू झाली असेल तर पहिली तुकडी मार्च १९६९ ची. नव्या आकृतिबंधात दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ ला झाली आणि त्याच वर्षी जुनी अकरावीही बसली. त्यामुळे १९७१ आणि १९७२ या दोन्ही वर्षी आठवी सुरू केलेल्या शाळांच्या पहिल्या तुकड्या एकाच वर्षी बसलेल्या असतात. हिशेब जमत नसेल तर मधला एखादा वर्ग मान्यतेअभावी दुसऱ्या शाळेच्या नावावर बसवला होता का, हे विचारावं. आणखी एक खूण: या काळातली प्रमाणपत्रं पुण्याच्या बोर्डाची. गोव्याचं स्वतःचं मंडळ २७ मे १९७५ ला स्थापन झालं, त्याचं कार्यालय पर्वरीला आहे.

सगळ्यांत खरा दस्तऐवज मात्र जनरल रजिस्टर. आडवं, जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, नाव, जात-धर्म, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख व इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. लोक पहिलं नाव शोधतात आणि फोटो काढून निघून जातात. खरी गंमत 'आधीची शाळा' या रकान्यात आहे. पहिल्या पाच वर्षांची पानं घेऊन हे रकाने गावाप्रमाणे मोजले की हायस्कूल नेमकं किती वाड्यांचं होतं याचा नकाशा तयार होतो. नदीपलीकडची गावं अचानक दिसू लागली तर त्या वर्षी साकव किंवा पूल झाला का, ते शोधायचं. दुसरा रकाना 'कारण'. 'पालकांच्या इच्छेने' हा शेरा मुलींच्या नावापुढे आठवी-नववीत ओळीने येतो आणि मग एखाद्या वर्षापासून विरळ होतो. ते वर्ष कमानीवर कुणी लिहीत नाही. आम्हाला विचाराल तर लिहायला हवं.

रजिस्टर वाचताना चुका होतात त्या दोन. १ जून ही जन्मतारीख ओळीने दिसली तर ती बहुधा मास्तरांनी प्रवेशासाठी घातलेली असते, तिच्यावरून वयाचे निष्कर्ष काढू नयेत. आणि गोव्यात आडनावं बदलतात. गावकर म्हणून दाखल झालेला मुलगा पुढे दुसऱ्याच आडनावाने सापडतो. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने दुरुस्ती असते, ती वाचल्याशिवाय पान उलटू नये. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवू नयेत, रजिस्टर उभं ठेवून वारा लागू द्यावा. वाळवी लागते ती भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटातून. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असलं तर रजिस्टरं टिकतात.

साखळीला बस बदलून पर्ये, मोर्ले करत केरीकडे जाताना रस्त्यात पिवळे बालरथ भेटतात. अनुदानित शाळांना सरकारने दिलेल्या या गाड्या. मुलांची पायपीट वाचली, हे खरंच. पण ज्या शाळेला प्राथमिक विभागही जोडलेला आहे ती वाड्यावाड्यातली पहिलीची मुलं उचलून नेते आणि गावातली सरकारी मराठी शाळा रिकामी होते. त्याच शाळेतून चौथी पास होऊन मुलं येत म्हणून हायस्कूल उभं राहिलं होतं. भाषेचंही असंच. प्राथमिक मराठीतून किंवा कोकणीतून, आणि पाचवीपासून इंग्रजी, ही गोव्यातली जुनी घडी. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक अनुदान भारतीय भाषांपुरतं ठेवलं, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही वाट मोकळी केली आणि त्यावरून मोठं आंदोलन झालं. पाचवीच्या वर्गशिक्षकाला विचारा, पहिल्या सत्रात विज्ञानाचा तास कसा जातो. धडा इंग्रजीत, समजावणं मराठी-कोकणीत, उत्तर पाठ करून.

जायचं तर मुख्याध्यापकांना आधी पत्र द्यावं. अनुदानित शाळा असेल तर संस्थेच्या मॅनेजरांनाही, आणि सरकारी शाळा असेल तर तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र सोबत असलेलं बरं. रजिस्टरात माणसांची जात आणि जन्मतारीख असते, त्यामुळे फोटो काढायला नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नये. आकडे मोजून वहीत उतरवायला सहसा कुणी हरकत घेत नाही. शाळा सकाळी भरते आणि दुपारी दीडच्या सुमारास सुटते. ऑफिसच्या क्लार्कना वेळ असतो तो मधल्या सुट्टीनंतर. गणेश चवथीच्या आठवड्यात आणि दहावीचे फॉर्म भरण्याच्या दिवसांत जाऊ नये. केरीहून साखळीला परत यायला गाड्या कमी, त्यामुळे शाळा सुटल्यावर मुलांबरोबरच बस पकडणं शहाणपणाचं. साखळीहून पुढे डिचोलीमार्गे पणजीची गाडी मिळते.