बर्लिनमधली खरेदी आणि रोजची कामं: शनिवार संध्याकाळच्या आत काय उरकायचं

बर्लिनचं विमान ठरवताना भाड्याइतकंच लक्ष पोहोचण्याच्या वाराकडे द्या. शनिवारी रात्री उशिरा उतरलात तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेऊनही रविवारी दुकानं बंद, दूध, अंडी, भाजी यातलं काही सहज मिळणार नाही. जर्मन राज्यघटनेच्या १४० व्या कलमाने जुन्या वायमार घटनेतलं रविवारच्या सुट्टीचं संरक्षण जसंच्या तसं कायम ठेवलं आहे. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवण्याची सोय कायद्यात केली होती, ती १ डिसेंबर २००९ रोजी घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. सोमवार ते शनिवार मात्र वेळेचं बंधन नाही, त्यामुळे बरीच सुपरमार्केटं रात्री दहापर्यंत, काही बारापर्यंत चालू असतात.

सुट्ट्यांचंही तसंच. ८ मार्च, महिला दिन, २०१९ पासून बर्लिनमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे. त्या दिवशी शेजारच्या राज्यातल्या पोट्सडामला दुकानं उघडी आणि इथे बंद. ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार चालू, मग रविवार आणि सोमवार बंद. त्या शनिवारी रांगा दारापर्यंत येतात, म्हणून गुरुवारीच उरका.

रविवारी अडलंच तर हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य रेल्वे स्थानक. तिथलं सुपरमार्केट आणि रोजच्या वापराच्या वस्तूंचं दुकान प्रवाशांसाठी उघडं असतं. गर्दी टाळायची तर सकाळी जा. कोपऱ्यावरच्या श्पेटीत, म्हणजे उशिरापर्यंत चालू असणाऱ्या छोट्या दुकानात, पाणी, बिस्किटं, दूध मिळतं, पण भाव चढे.

विमानतळावरून शहरात येताना तिकीट 'एबीसी' विभागाचंच घ्या. विमानतळ 'सी' विभागात आहे, 'एबी' चालत नाही. कागदी तिकिटावर प्रवासाआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट हे तिकीट नसल्यासारखंच. साध्या वेशातल्या तपासनिसाने धरलं तर ६० युरो दंड. नवखा पाहुणा म्हणून सूट मिळत नाही.

सुपरमार्केटांपैकी आल्डी, लिडल स्वस्त. रेवे, एडेकामध्ये निवड जास्त. ढकलगाडीसाठी १ किंवा ०.५० युरोचं नाणं लागतं, ते गाडी परत लावली की मिळतं. आल्डी-लिडलमध्ये फळं-भाजी गल्ल्यावरच तोलतात. काही मोठ्या दुकानांत भाजीजवळच्या काट्यावर आपणच तोलून चिठ्ठी चिकटवायची असते. काट्याजवळ फळांची चित्रं किंवा क्रमांक दिसले तर तोलूनच पुढे जा, नाहीतर गल्ल्यावरून परत यावं लागतं आणि मागची रांग खोळंबते. गल्ल्यावरचा माणूस भराभर वस्तू पुढे ढकलतो. तिथे पिशवी भरत बसू नका. सगळं परत गाडीत टाका आणि खिडकीजवळच्या फळीवर नीट भरा. पिशवी घरूनच न्या. स्वतः हिशेब करायच्या यंत्रावर पैसे दिलेत तर पावती फेकू नका, बऱ्याच ठिकाणी तिच्यावरचा कोड दाखवल्याशिवाय बाहेरचं फाटक उघडत नाही.

आपलं कार्ड बहुतेक साखळी दुकानांत चालतं. छोटी बेकरी, बाजारातले गाळे, काही उपाहारगृहं मात्र फक्त रोख किंवा जर्मन बँकेचं कार्ड घेतात. खिशात पन्नासेक युरो सुट्ट्या नोटांत ठेवाच.

आता फान्ड, म्हणजे बाटलीची अनामत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट, बिअरच्या बहुतेक काचेच्या बाटल्यांवर ८, पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटल्यांवर बहुधा १५. फळीवरच्या किमतीत ही रक्कम धरलेली नसते, म्हणून हिशेब जास्त झाल्यासारखा वाटतो. परत घेणारं यंत्र सुपरमार्केटच्या दाराशी किंवा मागच्या भिंतीत असतं. बाटली रिकामी, बुडाकडून आत सरकवायची. चेपू नका आणि लेबल काढू नका; यंत्र लेबलावरचा कोड वाचतं, तो वाचता आला नाही तर बाटली परत ढकलतं. शेवटी बटण दाबून चिठ्ठी घ्यायची आणि त्याच दुकानाच्या गल्ल्यावर द्यायची, दुसऱ्या शाखेत ती चालेलच असं नाही. वाइनच्या बाटलीवर अनामत नसते. रस्त्यात बाटली नकोशी झाली तर कचऱ्याच्या डब्यात टाकण्याऐवजी डब्याशेजारी उभी ठेवा. बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्यांना डब्यात हात घालावा लागत नाही. ही चांगली रीत आहे, पाळावीच.

पोळ्या करायच्या असतील तर पिठाच्या पुडीवरचा आकडा बघा. 'टाइप ४०५' म्हणजे जवळजवळ मैदा. हा आकडा १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम सांगतो. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. 'फोलकोर्न' हे अख्ख्या गव्हाचं असतं, पण जाडसर दळलेलं, त्याच्या नुसत्या पोळ्या कडेला फाटतात. 'टाइप १०५०' आणि फोलकोर्न निम्मं-निम्मं घ्या, पाणी थोडं जास्त घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा.

भाजीसाठी मंगळवारी किंवा शुक्रवारी मायबाखउफरचा तुर्की बाजार गाठा; यू-आठ या मेट्रो मार्गावरचं श्योनलाइनश्ट्रासे स्थानक जवळ. 'किलो' लिहिलं असेल तर किलोचा भाव, 'श्ट्युक' म्हणजे एका नगाचा, 'बुन्ड' म्हणजे जुडीचा. संध्याकाळी गाळे आवरताना भाव उतरतात, पण तेव्हा पिकलेला, त्याच दिवशी संपवावा लागणारा माल उरतो. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी हुबेहूब तशीच चपट्या पानांची पेटरझिली, म्हणजे पार्सली, ठेवलेली असते. पान बोटांत चोळून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मसूर डाळ, काबुली चणे, बुलगूर तुर्की दुकानांत मुबलक. 'आयरान' म्हणजे आपलं खारं ताक. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता हवा असेल तर भारतीय किंवा श्रीलंकन दुकान शोधा.

औषधांसाठी लाल 'ए' अक्षराची पाटी असलेलं आपोथेके. डीएम, रॉसमान या साखळी दुकानांमध्ये साबण, सनस्क्रीन, जीवनसत्त्वं मिळतात. साधं पॅरासिटामॉलही मिळत नाही. भारतातलं ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, औषधाचं मूळ नाव सांगा. पॅरासिटामॉल ५०० च्या २० गोळ्यांपर्यंतची पुडी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. अँटिबायोटिकला चिठ्ठी लागतेच आणि भारतीय डॉक्टरची चालत नाही, म्हणून रोजची औषधं पुरेशी घेऊन चला. रात्री किंवा रविवारी कुठलं दुकान पाळीवर आहे ते कुठल्याही आपोथेकेच्या दारावर लिहिलेलं असतं. तिथे घंटा वाजवायची, खिडकीतून औषध मिळतं, वर २.५० युरो. तातडीचं नसेल तर डॉक्टरसाठी ११६११७, जिवावर बेतलं असेल तर ११२.

प्रीपेड सिमकार्डाला २०१७ पासून ओळख पटवणं सक्तीचं आहे. सुपरमार्केटातलं सिम स्वस्त, पण पासपोर्ट व्हिडिओवर दाखवावा लागतो आणि ते कधीकधी अडतं. नॉयक्योल्न भागातल्या फोनच्या दुकानात पासपोर्ट घेऊन गेलात तर समोरासमोर काम होतं. लाँड्रीत यंत्राला पैशाची खाच नसते. कपडे भरून दार लावा, भिंतीवरच्या एकाच पेटीत यंत्राचा क्रमांक दाबा आणि पैसे भरा.

परतीच्या वेळी करपरतावा. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना ५० युरोंपेक्षा मोठ्या खरेदीवर मिळतो. फॉर्म दुकानातच, पासपोर्ट दाखवून घ्यायचा. १९ टक्के कर किमतीतच धरलेला असल्याने १०० युरोच्या वस्तूत तो सुमारे १६ युरो असतो आणि त्यातूनही परतावा देणारी मधली कंपनी आपला वाटा कापते. वस्तू न वापरलेली असावी. फ्रांकफुर्ट किंवा म्युनिकमार्गे जाणार असाल तर मुंबईपर्यंत सोडायच्या बॅगेतल्या वस्तूंवर बर्लिनलाच कस्टमचा शिक्का घ्या, हातातल्या सामानावर शेवटच्या युरोपीय विमानतळावर. विमान कंपनीच्या काउंटरवर आधीच सांगा की बॅगेत करपरताव्याचा माल आहे. टॅग लावून बॅग तुमच्याकडे परत देतात, ती कस्टमला दाखवूनच सोडायची. एकदा पट्ट्यावरून गेलेल्या बॅगेसाठी शिक्का मिळत नाही.