दोन मुक्कामांच्या मधले चार तास

आमचे दोन खोल्यांचे घर थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा इतर अनेक गोष्टींची काळजी वाटत होती, पण स्वच्छतेची नव्हती. वर्षानुवर्षे घर सांभाळलेले असल्यामुळे केर-फरशी आणि धुण्या-भांड्यांत नव्याने शिकण्यासारखे काही उरले असेल, असे मनातही आले नव्हते. पहिले पाहुणे सकाळी ११ वाजता गेले, पुढचे दुपारी ३ वाजता यायचे होते आणि मधल्या चार तासांत मी एकटीने घर आवरायला घेतले. पावणेतीन वाजले तेव्हा बाथरूमची फरशी ओली होती, चादरी दमट होत्या आणि स्वयंपाकघराला माझा हातही लागलेला नव्हता. सामानासह दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबाला मला पाऊण तास बाहेर थांबायला सांगावे लागले. प्रवासाने थकलेल्या माणसांना असे ताटकळत ठेवल्याचे मला फार वाईट वाटले.

त्या रात्री मी दिवसभराची कामे आठवून आठवून कागदावर मांडली, तेव्हा लक्षात आले की कष्ट कमी पडले नव्हते, क्रम चुकला होता. आपल्या राहत्या घरात आपण समोर दिसेल ते काम उचलतो, आणि मीही तसेच केले होते: आधी बाहेरच्या खोलीतली झटकाझटक, मग खिडक्यांच्या काचा, मग बाथरूम, आणि पलंगावरच्या चादरी काढल्या त्या सर्वांत शेवटी. वॉशिंग मशीनला धुवायला तास-सव्वा तास लागतो आणि कपडे वाळायला त्याहून जास्त. म्हणजे ज्या कामात मला केवळ वाट पाहायची होती, तेच मी शेवटाला ठेवले होते. तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली आहे. जे काम माझ्याशिवाय आपोआप होत राहते, ते सर्वांत आधी सुरू करायचे. मशीन लावायचे, बाथरूममधले केस कोरडेच उचलून कमोडमध्ये आणि शॉवरखालच्या टाइल्सवर द्रावण घालून ठेवायचे, किटलीत क्षार काढायला सायट्रिक आम्लाचे पाणी भरून ठेवायचे, आणि मगच हातात फडके घ्यायचे.

अर्थात, या सर्वांच्याही आधी दहा मिनिटे मी काहीच करत नाही, फक्त पाहते. दार उघडून आत गेल्यावर पहिल्या चार-दोन श्वासांत घराचा खरा वास कळतो. थोडा वेळ आत थांबले की नाक त्या वासाला सरावते आणि मग तो येईनासा होतो, म्हणून ही परीक्षा बाहेरून आल्याबरोबरच करावी लागते. एकदा असेच आत पाऊल टाकताच गटाराचा वास आला. घर दहा-बारा दिवस रिकामे होते आणि मी सबंध बाथरूम दोनदा घासले तरी वास हटेना. कारण निघाले ते अगदी साधे: फरशीवरच्या जाळीखाली नळीचे जे वळण असते त्यात पाणी साठून राहते आणि तेच खालची हवा वर येऊ देत नाही. न वापरल्यामुळे ते पाणी आटले होते. एक तांब्या पाणी ओतले आणि थोड्या वेळात वास गेला. तेव्हापासून घर आठवडाभर रिकामे राहिले की पाहुणे येण्याच्या आधी सर्व जाळ्यांत पाणी ओतणे आणि सर्व नळ व शॉवर काही मिनिटे वाहू देणे, ही दोन कामे मी चुकवत नाही. दुसऱ्या कामाचे कारण अधिक गंभीर आहे. नळ्यांत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात आणि शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर ते श्वासावाटे फुप्फुसात जातात. त्यामुळे पाणी वाहू देताना शॉवर हळू सोडून मी स्वतः बाहेर उभी राहते.

वासानंतर खोल्यांतून एक फेरी होते. काही फुटले, तुटले किंवा डागाळले असेल तर कशालाही हात लावण्याआधी त्याचा फोटो काढते, कारण एकदा आवराआवर झाली की आधी काय होते हे सांगता येत नाही. मग खिडक्या उघडते आणि पलंगाकडे वळते.

चादर काढणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. सुरुवातीला मी चारही टोके गोळा करून तो गठ्ठा तसाच मशीनमध्ये टाकत असे. एका सकाळी अभ्रा उलटा करताना शिवणीच्या कोपऱ्यात काहीतरी टणक लागले. पाहते तर नखाएवढे, त्वचेच्या रंगाचे श्रवणयंत्र. आदल्या रात्री राहून गेलेल्या वयस्क गृहस्थांचे ते होते. दोन मिनिटे घाई केली असती तर ते पाण्यात गेले असते. मी लगेच फोन केला. ते वाटेतूनच परत आले. ते यंत्र हातात घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहिल्यापासून मी प्रत्येक चादर, प्रत्येक अभ्रा वेगवेगळा झटकते, आणि उशांच्या मागे, गादी व पलंगाच्या फटीत, सोफ्याच्या गाद्यांखाली हात घालून पाहते.

याच वेळी गादीच्या शिवणीही पाहून होतात. ढेकूण कुठल्याही स्वच्छ घरात पाहुण्यांच्या सामानातून येऊ शकतात. त्यात कोणाचा दोष नसतो, मात्र ते उशिरा कळले तर पुढच्या प्रत्येक पाहुण्याला त्रास होतो. शिवणीलगत आणि उशाकडच्या फळीमागे शाईचे ठिपके उमटावेत तसे बारीक काळपट डाग दिसले, की तेथेच थांबावे, पुढचे बुकिंग पुढे ढकलावे आणि जाणकाराला बोलवावे. कापडाच्या बाबतीत मात्र उष्णतेचा चांगला उपयोग होतो. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतलेल्या चादरीत ढेकूण किंवा धुळीतले सूक्ष्म कीटक जगत नाहीत. म्हणून मी चादरी-टॉवेल ६० अंशांवर धुता येतील असेच घेतले, आणि तेही सगळे पांढरे. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो, पण तो काढताना रंग उडण्याची भीती नसते. प्रत्येक पलंगासाठी तीन जोड आहेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. हा तिसरा जोड घेतला त्या दिवसापासून मशीनच्या वेळेचा आणि पाहुण्यांच्या वेळेचा संबंधच तुटला, आणि माझा निम्मा ताण गेला.

डागांच्या बाबतीत एक चूक मी दोनदा केली, म्हणून सविस्तर सांगते. रक्ताचा डाग दिसला की हात आपोआप गरम पाण्याकडे जातो, आणि तेथेच चादर वाया जाते, कारण उष्णतेने रक्तातली प्रथिने गोठून धाग्याला धरून बसतात. डाग आधी थंड पाण्यात भिजवायचा, हलक्या हाताने चोळायचा, राहिला तर पांढऱ्या कापडावर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेसे घालायचे आणि डाग पूर्ण गेल्यावरच ६० अंशांच्या धुण्यात टाकायचे.

बाथरूम हे या सगळ्या कामाचे खरे कसोटीचे ठिकाण आहे. माझ्या चौथ्या की पाचव्या पाहुण्यांनी जाताना अतिशय सौम्य शब्दांत लिहिले होते की घर सुंदर आहे, पण शॉवरच्या भिंतीवर एक लांब केस चिकटलेला होता आणि त्यानंतर त्यांना तेथे अंघोळ करावीशी वाटेना. सबंध घर मी चार तास घासले होते आणि त्यांच्या लक्षात राहिला तो एक केस. आधी मला हे अन्यायाचे वाटले, पण विचार केला तेव्हा त्यांचेच म्हणणे पटले. आपल्या घरातला केस हा आपलाच असतो. परक्या घरातला केस म्हणजे आपल्या आधी येथे कोणीतरी उघड्या अंगाने उभे होते, याची आठवण असते. पाहुण्याला घासूनपुसून लखलखीत केलेल्या घरापेक्षाही, आधीच्या माणसाचा माग नसलेले घर हवे असते. हे उमगल्यावर माझी कामाची नजरच पालटली.

केस ओला झाला की टाइलला, फडक्याला, मॉपला असा चिकटतो की आपण तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. म्हणून बाथरूममध्ये पाण्याचा थेंबही पडण्याआधी मी सगळे केस कोरडेच काढते: व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडाने कोपरे, दारामागची जागा, कमोडच्या बुडाभोवतीची कड आणि बेसिनच्या खालचा भाग. भिंती तोवर ओल्या असतील तर पंखा लावून ते काम मागे ठेवते. सगळे झाल्यावर दिवा मालवून टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवी धरते. वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते या तिरप्या उजेडात लांब सावली टाकते. पहिल्यांदा ही युक्ती केली तेव्हा स्वच्छ समजलेल्या फरशीवर मला सात केस मिळाले.

द्रावणांविषयी मात्र मनापासून सावध करावेसे वाटते. सुरुवातीच्या घाईत मी एकदा कमोडमध्ये आम्लयुक्त क्लीनर घातलेले असताना वरून ब्लीच ओतले. क्षणात घशाला झोंबणारा वास आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि मला धावत बाहेर यावे लागले. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीच अमोनियाच्या द्रावणाशी मिसळले तर क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. बंद, छोट्या बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकते. आता आमच्या घरात एका दिवशी एका जागी एकच द्रावण वापरले जाते आणि मदतीला येणाऱ्या बाईंनाही मी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितले. दुसरी गोष्ट अशी की, जंतुनाशक फवारून लगेच पुसले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आधी मळ काढून, मग ते बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत, म्हणजे पुष्कळदा पाच ते दहा मिनिटे, पृष्ठभागावर ओले राहू द्यावे लागते. नळांवरचे पांढरे क्षार व्हिनेगरने चांगले निघतात, पण संगमरवरावर व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल लावू नये. दगडाची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही.

फडकी मी रंगावरून वेगळी ठेवली आहेत: लाल केवळ कमोडसाठी, पिवळी बेसिन आणि शॉवरसाठी, हिरवी स्वयंपाकघरासाठी, निळी बाकी सगळीकडे. घाईत माणूस हाताला येईल ते फडके उचलतो, आणि तेव्हा रंगच आपल्याला थांबवतो. ही मायक्रोफायबरची फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, त्याने धागे बुजतात आणि फडके पाणी व धूळ ओढेनासे होते.

स्वयंपाकघराला त्या मानाने वेळ कमी लागतो. फ्रीज रिकामा करणे, ग्लास उजेडात धरून ओठांचे ठसे पाहणे, ड्रॉवरमधले चमचे मोजणे, भांडी घासायचा स्पंज दर वेळी नवा ठेवणे, एवढे झाले की ओटा पुसून पुढे जाता येते. पाहुण्यांच्या हाताखाली सतत येणाऱ्या आणि आपल्या नजरेतून सुटणाऱ्या वस्तूंना मात्र मी सवड देते: टीव्हीचा रिमोट, विजेची बटणे, दारांच्या मुठी, फ्रीजचे हँडल, कमोडच्या सीटची बिजागरी. बटणांवर थेट फवारा मारू नये, फडक्यावर घेऊन पुसावे.

धूळ वरून खाली आणि कोरडी झटकून घेतली की शेवटी फरशी, तीही सर्वांत आतल्या खोलीपासून दाराकडे मागे मागे येत. पण फरशी पुसण्याआधी मी आणखी एक गोष्ट करते. धुतलेले मोजे घालून सोफ्यावर टेकते, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसते, कमोडवर झाकण लावून बसते, पलंगाजवळ गुडघे टेकून उशीच्या उंचीवर डोळे आणते. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते बसलेल्या आणि पडलेल्या माणसाला दिसते. उशीच्या उंचीवरून मला पंख्याच्या पात्याची मागची कड दिसली होती, तेथे करड्या धुळीची जाड रेघ होती. कमोडवरून बेसिनखालच्या नळीवरचा साबणाचा ओघळ दिसला होता. दोन्ही ठिकाणी मी किती दिवस पोहोचले नव्हते कोण जाणे.

आता मला पावणेतीन तास लागतात, आणि मदत असेल तर दोन. प्रत्येक खोलीचे वेळेसह फोटो काढून ठेवते, धुराचा इशारा देणाऱ्या यंत्राचे बटण दाबून आवाज ऐकते, दाराच्या कुलुपाचा आकडा बदलते. मग उंबऱ्याबाहेर उभी राहून हात लांबवून शेवटचा हातभर पट्टा पुसते आणि दार ओढून घेते, म्हणजे कोरड्या झालेल्या त्या फरशीवर पहिले पाऊल पाहुण्यांचेच पडते.