फिंचलीच्या वाटेवरच्या बायका

रविवार, रात्री

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याच्या ‘द मार्च ऑफ द गार्ड्स टु फिंचली’ या चित्रावरून ल्यूक सलिव्हनने 1750 मध्ये केलेले मुद्राचित्र आज पडद्यावर मोठे करून बराच वेळ न्याहाळले. 1745 च्या जॅकोबाइट बंडाच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांच्या उठावाच्या वेळी लंडनच्या रक्षणासाठी शहराच्या उत्तरेकडील फिंचलीच्या छावणीकडे निघालेले सैनिक त्यात आहेत. मात्र कूच म्हणावी अशी शिस्त दूर पार्श्वभूमीवरच दिसते, पुढचा सारा रस्ता बायकापोरांनी आणि दारूने अडवलेला आहे.

मध्यभागी एका ग्रेनेडियरला, म्हणजे निवडक तुकडीतल्या शिपायाला, दोघींनी दोन बाजूंनी गाठले आहे. त्यांपैकी तरुणी गर्भवती असून तिच्याजवळ राजनिष्ठ गीताचा कागद आहे, तर दुसरीकडची वृत्तपत्रे बंडखोरांच्या बाजूची आहेत. जाणकार यात दोन निष्ठांमध्ये ओढला जाणारा देश पाहतात. ते खरेच असेल. पण त्या मुलीचा चेहरा पाहताना मला ते रूपक फार हुशार आणि थोडे निर्दय वाटते. उजवीकडे कोसळलेल्या सैनिकाला सोबती पाणी पाजू पाहतो, तर त्याचा हात जिन ओतणाऱ्या बाईकडे वळतो आणि तिच्या पाठीवरचे तान्हे मूलही त्याच जिनकडे हात पसरते. दुसऱ्या जॉर्ज राजाला ही थट्टा रुचली नाही, म्हणून होगार्थने मुद्राचित्र प्रशियाच्या राजाला अर्पण केले, असे सांगतात.

या बायकांवाचून पलटणीचे चालत नसे, हे मात्र थट्टेत हरवते. ब्रिटिश सैन्यात प्रत्येक कंपनीबरोबर मोजक्याच बायकांना राहण्याची परवानगी असे. त्यांना अर्धा शिधा मिळे आणि धुणे, शिवण, जखमींची शुश्रूषा त्यांच्याकडे असे. पुढे 1780 च्या गॉर्डन दंगलींनंतर, म्हणजे लंडनमधल्या कॅथलिकविरोधी दंग्यांनंतर, लंडनच्या उद्यानांत तंबू लागले, तेव्हा पॉल सँडबीने त्या छावण्यांची ॲक्वाटिंट (जलरंगासारख्या छटा देणाऱ्या छपाईची) चित्रे केली. तोवर छावणी पाहायला जाणे ही प्रतिष्ठितांची करमणूक झाली होती. 1778 मध्ये केंट परगण्यातल्या कॉक्सहीथच्या लष्करी तळावर डेव्हनशरच्या डचेसने तर लष्करी गणवेशाच्या धर्तीचा पोशाख मिरवला होता.

होगार्थचे मूळ रंगचित्र सोडतीवर गेले. न विकली गेलेली तिकिटे त्याने लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला, म्हणजे आईला सांभाळता न येणाऱ्या तान्ह्यांच्या आश्रमाला दिली आणि सोडत त्यांतल्याच एका तिकिटाला लागली. त्या गर्भवती मुलीचे चित्र एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यात न जाता तिथे गेले, हे मला फार योग्य वाटते.