सोलापूरहून क्राबीला: आधी भरतीची वेळ, मग हॉटेल

उजनीच्या फुगवट्याला किंवा हिप्परग्याच्या तलावाला भरती-ओहोटी नसल्यामुळे, परदेशात कयाकिंगचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद नावेतून फिरण्याचा, बेत आखताना पाण्याचे वेळापत्रक आधी पाहावे हे आपल्या सोलापूरकरांना सहसा सुचत नाही. थायलंडमधील क्राबीच्या सहलीत मात्र आमचा दिवस त्याच वेळापत्रकाने ठरवला. आओ नांग किनाऱ्याच्या उत्तरेला आओ थालेन नावाची खाडी आहे. तेथे चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून आणि खारफुटीच्या अरुंद ओढ्यांमधून कयाक नेता येते. परंतु हे ओढे भरतीच्या पाण्यानेच भरतात आणि ओहोटीला त्यांतील पुष्कळांत नुसता चिखल उरतो.

म्हणून तारखा ठरवताना तिथी अवश्य पाहावी. सोलापुरातूनच निघणारे दाते पंचांग त्यासाठी पुरेसे आहे: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने पाणी खूप चढते-उतरते आणि प्रवाहाला जोर असतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने पाणी नवख्यांना झेपेल इतके संथ राहते. नेमकी वेळ मात्र क्राबीच्याच भरतीच्या तक्त्यातून घ्यावी. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील कोरडा हंगाम आहे. मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अंदमान समुद्र खवळलेला असतो.

आम्ही अर्ध्या दिवसाची, वाटाड्यासह सहल घेतली आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खारफुटीतील वाटा एकसारख्या दिसतात आणि पाणी कधी उतरू लागेल हे स्थानिक माणूस अचूक ओळखतो. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने वल्ह्याचा ताल धरावा, मागच्याने त्याला साथ देत दिशा सांभाळावी. वजनदार व्यक्ती मागे बसल्यास बरे पडते. आमची जोडी तासाभरात सरावली आणि कड्यांच्या सावलीतून वल्ही मारताना मला जो आनंद झाला, तो कोणत्याही मोटरबोटीत मिळाला नव्हता.

पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसते की नाही, हे किनाऱ्यावरच तपासावे. चष्म्याला दोरी, लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंड घट्ट बंद होणारी जलरोधक पिशवी जवळ असावी. खाऊ उघडा ठेवू नये, कारण तेथील माकडे थेट कयाकवर उतरतात. अनामत म्हणून मूळ पासपोर्ट कोणालाही देऊ नये, आणि प्रवास विमा घेताना त्यात कयाकिंगचा समावेश आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. शाकाहारी मंडळींनी जेवणाची सूचना नोंदणी करतानाच द्यावी आणि माशांचा रस्सा, कोळंबीची चटणी नको, हेही स्पष्ट सांगावे.

युरोपला जाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. कोपनहेगनमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेल्या ग्रीनकयाक उपक्रमात पाण्यातील कचरा गोळा करण्याच्या बदल्यात कयाक विनामूल्य मिळते. जागा मर्यादित असल्याने तिची नोंदणी निघण्यापूर्वी घरूनच करावी.