अरैलच्या वाळूवरचं तंबू-हॉटेल : महाकुंभातले दोन मुक्काम

तंबूत शिरल्याबरोबर आईने चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्याने गालिचा दाबून पाहिला. "खाली फळ्या आहेत, नुसती वाळू नाही," ती मावशीला म्हणाली, आणि मग दोघी पलंगावर टेकल्या. महिनाभर मी फोनवर तंबूंचे फोटो बघत होते. हा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

20 जानेवारी 2025. मकरसंक्रांतीची गर्दी ओसरली होती आणि 29 तारखेची मौनी अमावास्या अजून लांब होती. घरात वयस्कर माणसं असतील तर असेच मधले दिवस धरा. मोठ्या स्नानाच्या दिवशी मेळ्यात वाहनं बंद असतात आणि सगळी वाट पायीच तुडवावी लागते.

प्रयागराजला यमुनेच्या दक्षिणेला अरैल आहे, तिथल्या मेळ्याच्या सेक्टर 25 कडे आमचा मुक्काम होता. मुंबईहून वाराणसीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या प्रयागराज छिवकीला थांबतात. ते स्टेशन याच काठावर आहे, त्यामुळे पूल ओलांडून शहरातून फिरून यावं लागत नाही. अरैलला राहणार असाल तर तिकीट छिवकीचं किंवा नैनीचं बघा.

बुकिंग करताना "संगम दहा मिनिटांवर" असं सांगितलं होतं. ती दहा मिनिटं नावेतली निघाली. घाटापर्यंत चालायचं, मग नावेसाठी थांबायचं, हे कुणी बोललंच नव्हतं. आईचे गुडघे दुखतात. वाळूवर अंथरलेल्या लोखंडी पत्र्यांच्या रस्त्यावरून ती माझा दंड धरून चालली, आणि मला फार वाईट वाटलं. तुम्ही तंबूपासून घाटापर्यंतचं चालायचं अंतर विचारा, तेही लिहून मागा.

तंबू मात्र खरंच चांगला होता. दुहेरी कापड, आत जोडून संडास-बाथरूम, गिझर, पलंग, दोन खुर्च्या. चार महिन्यांपूर्वी इथे काहीच नव्हतं आणि पावसाळ्यात या पट्ट्यात गंगा-यमुनेचं पाणी शिरतं, हे लक्षात घेतलं की नळाला आलेल्या गरम पाण्याचंही अप्रूप वाटतं.

खरा त्रास पहाटेचा. चारच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला. नदीवरचं धुकं आणि आपलाच श्वास आतल्या कापडावर साठतो आणि गळायला लागतो. मावशीच्या रजईची भिंतीकडची बाजू ओलीगच्च झाली होती. दुसऱ्या रात्री आम्ही पलंग कापडापासून हातभर आत ओढले, वरची झडप बोटभर उघडी ठेवली आणि रजईवर प्लॅस्टिकची चादर टाकली. सगळ्या कोरड्या उठलो. ही चादर घरूनच न्या. कानटोपी, पायमोजे आणि कपडे वाळत घालायला दोरीही घ्या.

रात्री हीटर मागितला तर मिळाला नाही. तेव्हा राग आला होता, पण आम्ही पोहोचण्याच्या आदल्याच दिवशी सेक्टर 19 मध्ये सिलिंडरमुळे आग लागून कितीतरी तंबू जळाले होते. तंबूत आल्यावर अग्निशामक नळकांडं कुठे आहे आणि मागून बाहेर पडता येतं का, एवढं बघूनच सामान सोडा. उदबत्तीसुद्धा आत लावू नका.

वाट चुकण्याची भीती असेल तर विजेच्या खांबांवरचे क्रमांक उपयोगी पडतात. आपल्या तंबूजवळच्या खांबाचा फोटो काढा आणि क्रमांक चिठ्ठीवर लिहून आईवडिलांच्या खिशात ठेवा. भोंग्यावरून हरवलेल्यांची नावं रात्रभर पुकारली जात होती. त्यात एक मराठी आडनाव ऐकलं आणि मावशी ताडकन उठून बसली.

आता नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ. पहिली पर्वणी 2 ऑगस्ट 2027 ला आहे, म्हणजे भर पावसाळ्यात. वाळूत पाणी मुरतं, पण आपल्या काळ्या मातीत चिखल होतो. त्यामुळे तिथे तंबू घेणार असाल तर जोतं जमिनीपासून किती उंच आहे, भोवती चर खणलाय का, वरून वेगळं ताडपत्रीचं छत आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. आईला जायचंच आहे. मी आधी एका पावसात जाऊन जागा बघून येणार आहे.